गोड्या पाण्याच्या टाक्या

४ एप्रिल

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघे कुरकुरतात म्हणतेस, पण अक्षर अजून मास्तरणीचंच आहे, म्हणजे तब्येत ठीक असणार.

बोटीची बातमी मात्र बरी नाही. ती विकत घेतली आणि लगेच ही आजारी पडली, तेव्हापासून बोट धक्क्याला बांधूनच आहे. परवा केबिनमधली फळी उचलली तर खाली पाणीच पाणी. चाखून पाहिलं, गोडं निघालं. म्हणजे समुद्र आत शिरलेला नाही, पिण्याच्या पाण्याच्या टाक्या गळतायत. दोन्ही बाकांखाली एकेक पत्र्याची टाकी आहे, बुडाशी गंजून चाळण झालेली. आधी टाक्या ठेवल्या आणि मग त्यांच्याभोवती बोट बांधली असावी, कारण दारातून त्या काही केल्या बाहेर निघत नाहीत. आतच कापून तुकड्यातुकड्यांनी काढायच्या आणि त्या मापाच्या प्लास्टिकच्या करून घ्यायच्या. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करायला त्यांच्या खड्ड्यांत उतरलो, अडचणीच्या जागेचं मला भय नाही.

हिला बेटांपलीकडच्या खाडीत जाऊन राहायचंय. डॉक्टर म्हणाले, जायचं तर फार लांबवू नका. एवढंच म्हणाले. मीही पुढे विचारलं नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटू

१५ एप्रिल

चि. धाकटूस,
अनेक आशीर्वाद.

पासष्टी उलटली, तुला अक्कल कधी येणार? काल फोन केला तर तिने उचलला. बिछान्यापासून फोनपर्यंत येऊन तिला एवढी धाप लागली होती की बराच वेळ मला नुसता श्वासच ऐकू येत होता. तू कुठे आहेस विचारलं, तर म्हणाली, टाकीत. बायको अंथरुणात आणि नवरा टाकीत! अरे, पाण्याचे चार कॅन भर, बोटीवर ठेव आणि ने तिला. नाहीतर घरी बस तिच्यापाशी. बाबा शेवटचे आजारी होते तेव्हाही तू अंगणात सायकलची चेन साफ करत बसला होतास. मी काही विसरलेली नाही.

रागावून लिहिलंय, पण तुझ्याशिवाय मला रागवायला उरलंय कोण? तिला जप.

तुझी,
अक्का

२ मे

ती. अक्कांना,
सप्रेम नमस्कार.

हे औषधं आणायला गेलेत, तेवढ्यात लिहितेय. अक्षर वाकडं येईल, चालवून घ्या.

तुमचं पत्र आल्यापासून यांनी बोटीवर जाणं सोडलंय. दिवसभर माझ्या उशाशी खुर्ची टाकून बसतात. मी कूस बदलली की उठतात, खोकले की उठतात. पेपर हातात असतो, पान काही उलटत नाही. काल भाजी चिरताना नळ सोडून ओट्यापाशी रडत होते. नळाच्या आवाजात रडणं झाकलं जातं असं त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे.

अक्का, खाडीत जाणं आता माझ्याच्याने होणार नाही. हृदय पार थकलंय. डॉक्टरांनी पाणीसुद्धा मोजूनमापून प्यायला सांगितलंय, आणि हे माझ्यासाठी टाक्या बसवत होते! हसू येतं आणि भरूनही येतं. पण संध्याकाळी काळ्या हातांनी घरी यायचे, कुठला बोल्ट तुटला, कुठली नळी आखूड पडली ते सांगत बसायचे, तेव्हा या घरात आजाराखेरीज दुसरा विषय होता. दुपारी शेजारीण येऊन बसते माझ्यापाशी, मी एकटी नसते. त्यांना परत बोटीवर पाठवा. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. मी लिहिलंय हे मात्र त्यांना कळू देऊ नका.

राग सगळा यांच्यासाठी राहू द्या, लोभ तेवढा मला द्या.

तुमची भावजय

९ मे

चि. धाकटूस,
अनेक आशीर्वाद.

मागचं पत्र मनावर घेऊ नकोस. विचार केला तेव्हा वाटलं, कॅनचं काही खरं नाही, बोट हलली की लवंडायचे. टाक्याच बसव. नीट बसव, आणि संध्याकाळी घरी गेलास की काय काय केलंस ते तिला सगळं सांगत जा. मलाही कळव.

आज जास्त लिहवत नाही. डोळ्यांतून पाणी येतंय, चष्मा बदलायला झालाय.

दोघांनाही मायेने,
अक्का

२० जुलै

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तू येऊन राहिलीस, सगळं केलंस, पण तुला सांगायचं राहूनच गेलं. म्हणून आता लिहितो.

टाक्या बसल्या त्याच आठवड्यात तिने बोटीवर यायचा हट्ट धरला. धक्क्यावरच्या दोघा खलाशांनी तिला खुर्चीसकट उचलून आत ठेवलं. मी बाकावरच्या फळ्या काढून सगळं दाखवलं. टाकी हलू नये म्हणून आवळलेले पट्टे, आत हात घालून धुता यावी म्हणून ठेवलेलं झाकण. तिने वाकून निरखून पाहिलं. काम झकास झालंय म्हणाली. मग विचारलं, खाडीतलं पाणी या दिवसांत कोमट असेल ना. मी म्हटलं, असेल. तिला कळत होतं, अक्का, आणि मलाही कळत होतं. तरी दोघंही खाडीबद्दलच बोलत राहिलो. मग ती बाकावर थोडा वेळ झोपली. त्यानंतर हॉस्पिटलात नेली ती घरी आलीच नाही.

तुझं ते दुसरं पत्र कोणाच्या सांगण्यावरून आलं होतं, ते मी तेव्हाच ओळखलं होतं. तू आपणहून कधी माघार घेतली आहेस? तिला मी ते कळू दिलं नाही. पत्र वाचलं आणि पाना उचलून निघालो. दारात वळून पाहिलं तर ती हसत होती.

बोट विकायला काढलीय. काल एक जोडपं पाहायला आलं, नुकतंच लग्न झालेलं. मुलाने शिडं पाहिली, इंजिन पाहिलं. मी टाक्या उघडून दाखवल्या, अगदी नव्या आहेत म्हटलं. मुलीने विचारलं, दोघांना हे पाणी किती दिवस पुरतं? टाकीत किती लिटर मावतात ते मला तोंडपाठ आहे, पण आम्ही दोघं त्या पाण्यावर कधी राहिलोच नाही. तिला म्हटलं, मला खरंच माहीत नाही, तुम्ही जाऊन आलात की मला कळवा.

लिहीत राहा, अक्का. माझ्यावरची माया आहे तशी असू दे.

तुझा,
धाकटू