समोरची अनोळखी खेळाडू

पासी,

‘प्रिय’ लिहायला हात धजत नाही. महिनाभर ऑनलाइन पोकरमध्ये तुला हरवणारी ती मीच. खेळताना आपल्या कुत्र्याचं नाव लावलंस, मग मी ओळखणारच.

अरे, दोघांच्याच डावात एक्क्याची वाट बघायची नसते, साध्या पानांवरही बोली वाढवायची असते. तू मात्र पानं टाकून मोकळा होतोस. माझं बोलणं अर्ध्यावर टाकून सॉनाच्या गरम वाफेत जाऊन बसायचास, तसाच. शेळपट कुठला.

काल हरल्यावर तू लिहिलंस, ‘तुम्ही फार छान खेळता.’ अकरा वर्षांच्या संसारात असं एकदाही म्हणाला नाहीस.

हे पत्र पाठवलं तर पुन्हा गप्प होशील. म्हणून पाठवत नाही.

तुझ्यासाठी कुणी अनोळखी,
औती