एका माणसाची सीट

ता. ८ जानेवारी

चि. ठमीस,
अ. आ. वि. वि.

लिहायला बसलो आणि पहिल्यांदा हेच लक्षात आलं, की या घरातली सगळी पत्रं तुझी आई लिहायची आणि खाली मला दीड ओळ सोडायची. त्या दीड ओळीत मी आयुष्यभर 'मी बरा आहे, काळजी नसावी' एवढंच लिहिलं. आता अख्खा कागद पुढ्यात आहे. तेव्हा अक्षर आणि मजकूर दोन्ही सांभाळून घे.

दिवस कसे जातात असं तू विचारलंस. वर्कशॉपला रोज जातो. सध्या एका शाळेच्या फाटकाचं वेल्डिंग चालू आहे. मालक म्हणाला की थोडे दिवस रजा घ्या. मी म्हटलं, घरी बसून भिंतींशी बोलू का?

संध्याकाळी मोटरसायकल काढलीय. मागच्या खोलीतला पलंग भिंतीला उभा केला आणि गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली. तिची बॉबर करणार आहे. म्हणजे काय, तर मडगार्ड आखूड करायचे, जादाचं सगळं उतरवायचं, मागचे शॉकअप काढून टाकायचे आणि मागची चासी कापून तिथे सरळ पाइप वेल्ड करायचे, थेट चाकापर्यंत. याला हार्डटेल म्हणतात. मध्ये स्प्रिंग नाही, काही नाही. सीट एकाच माणसाची. वर्कशॉपमध्ये एकाने फोटो दाखवला होता, तो डोक्यातून जाईना.

तुझी मावशी म्हणते, साठी बुद्धी नाठी. तिला म्हटलं, साठीला अजून वेळ आहे.

तू लोकांच्या कवळ्या बनवतेस, स्वतः मात्र वेळेवर जेवत जा. लोभ असू दे.

तुझा,
बाबा


ता. १७ जानेवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं. दीड ओळीवरून दीड पानावर आलात, त्याचा खूप आनंद झाला. तो पत्राच्या मध्यापर्यंत टिकला.

बाबा, सीट कापू नका. त्या सीटवर आई बसायची. एका बाजूला पाय सोडून, पिशवी मांडीवर, एक हात तुमच्या खांद्यावर. मी लहान असताना तुमच्या दोघांच्या मध्ये बसायचे, तेव्हा मला रस्ता कधी दिसलाच नाही. पुढे तुमची पाठ आणि मागे आईचं पोट. जगात त्याच्याइतकी सुरक्षित जागा मला पुन्हा मिळाली नाही. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं, आता सांगते.

तिला जाऊन तीन महिने होत नाहीत तोवर तिचं कपाट रिकामं झालं. मी गप्प बसले. चष्मा कुणाला तरी देऊन टाकलात, तेव्हाही काही बोलले नाही. आता ही जागा. एकेक करून ती घरातून पुसून टाकायची असं ठरवलंय का? मला विचारावंसंही वाटलं नाही?

गाडी रंगवा, नाहीतर झाकून ठेवा, हवी तर मला द्या. मी मार्चमध्ये येतेय, तोपर्यंत फक्त हात लावू नका. एवढं ऐका.

लोभ आहे, म्हणूनच भांडतेय.

तुमची,
ठमी


ता. २५ जानेवारी

चि. ठमीस,
अ. आ.

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा मागची चासी कापून झाली होती. जुनी सीट भंगारवाला आदल्याच दिवशी घेऊन गेला. बैल गेला नि झोपा केला, अशातली गत. त्याच्याकडे जाऊन आलो. त्याचा माल पुढे गेला होता.

झालं ते झालं. नवे पाइप लावलेत. चाक आणि चेन एका रेषेत यायला बराच वेळ गेला, आता सरळ आहे.

पुसून टाकायचं वगैरे काही नाही. कसं सांगू ते कळत नाही, म्हणून थांबतो.

मी बरा आहे, काळजी नसावी.

बाबा


ता. २२ फेब्रुवारी

चि. ठमीस,
मावशीचे अ. आ.

महिना होत आला, तू बापाला एक ओळ लिहिली नाहीस. मला सगळं ठाऊक आहे. तुझं पत्र भावोजींनी मला दाखवलं नाही, पण ते शर्टाच्या खिशात घेऊन फिरतात आणि शर्ट धुवायला माझ्याकडे येतात.

मीही चिडले होते. ती माझी बहीण, तेव्हा चिडायचा हक्क माझा तुझ्याआधीचा. चांगलं तोंडसुख घेतलं. म्हटलं, एकाच माणसाची सीट केलीत, इतकी घाई होती का एकटं व्हायची? एरवी दोन शब्द ऐकवणारा माणूस, पण हातातलं फडकं खाली ठेवून बाहेर निघून गेला. मला माझीच लाज वाटली.

गाडी जवळजवळ तयार आहे, पण भावोजी ती चालवत नाहीत. तिच्याशेजारी स्टुलावर बसलेले असतात. मी दिलेला डबा निम्मा परत येतो. रोज आडून आडून विचारतात, तुमच्याकडे टपाल आलं का? माझ्याकडे कसलं टपाल येतंय, बाई?

तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी. दोरा तुझी आई होती. आता सुटे सुटे गडगडत जाणार असाल तर मी काय करू सांग. पत्र लिहू नकोस, येऊन जा. मी लेकाकडे जातेय, सून बाळंत व्हायचीय, त्यामुळे मध्यस्थीला मीही नसेन. तेच बरं.

तुझी,
मावशी


ता. १२ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

नातीचं अभिनंदन. तू म्हणालीस तशी जाऊन आले. आता ऐक.

मी येतेय एवढंच कळवलं होतं. बाबा स्टँडवर गाडी घेऊन आले होते. गाडी देखणी झालीय, उगाच खोटं कशाला बोलू. बुटकी, काळी, पाठ ताठ. मी बॅग खांद्याला लावून मागे गेले, सवयीने पाय उचलला, आणि तिथे नुसतं चाक. बाबांनी चाकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मावशी, ही गोष्ट त्यांच्या डोक्यातच आली नव्हती. घरचं माणूस आणायचं म्हणजे गाडी घेऊन जायचं, एवढंच त्यांना इतकी वर्षं ठाऊक. मला हसू फुटलं, तेही हसले. मग त्यांचा चेहरा असा झाला की मला तिकडे बघवेना.

बॅग टाकीवर बांधली आणि चालत निघालो. ते गाडी ढकलत होते. मग रस्त्याकडेच बघत त्यांनी सांगायला सुरुवात केली.

आईचा बंद गाडीत जीव घाबरायचा, म्हणून आजारपणात दर आठवड्याला ते तिला मोटरसायकलवरूनच दवाखान्यात न्यायचे, हे आपल्याला माहीत आहे. मागच्या शॉकअपला खाचा असतात म्हणे. पान्याने फिरवून स्प्रिंग कडक किंवा सैल करता येते. मागचं वजन कमी झालं आणि स्प्रिंग कडकच राहिली, तर मागचा माणूस उडतो. आई उडायला लागली. तिला दुखू नये म्हणून त्यांनी एक खाच सैल केली. काही दिवसांनी आणखी एक. डॉक्टरांचा वजनकाटा नंतर सांगायचा, बाबांना आधीच कळलेलं असायचं. आईलाही कळायचं. ती पायरीवर बसून त्यांना पाना फिरवताना बघायची. एकदा म्हणाली, बायकांचं वजन असं चारचौघांत काढू नये. शेवटची खाच आली तेव्हा तिने विचारलं, आता पुढे काय? बाबांनी पाना पुसून पिशवीत ठेवला.

ती गेल्यावर त्यांनी एकट्याने गाडी काढली. ती अगदी आईच्या शेवटच्या फेरीसारखीच चालली. काही फरक नाही. शेवटी शेवटी आई इतकी थोडी उरली होती, की ती मागे आहे की नाही हे गाडीला कळतच नव्हतं. ते त्यांना सहन झालं नाही. म्हणून स्प्रिंग नको, मागची जागा नको, कापून टाकलं सगळं.

आणि मी त्यांना लिहिलं होतं, पुसून टाकताय म्हणून.

मला रडू आवरेना. त्यांना ते बघायचं नव्हतं, म्हणून मी मागे राहिले आणि मागून गाडी ढकलत घरापर्यंत गेले. घरी मीही आईच्या आठवणी काढल्या, त्यांनीही काढल्या. जेवण निम्मं उरलं नाही, हे तुला मुद्दाम कळवते.

बाळाला माझा पापा. लोभ आहेच.

तुझी,
ठमी


ता. २ एप्रिल

चि. ठमीस,
अ. आ. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं पोचली. एकाला उत्तर देईपर्यंत दुसरं आलं. मावशी परत आलीय, नातीचे फोटो सगळ्या गल्लीला दाखवून झालेत. शाळेचं फाटक बसवलं. त्याच दिवशी मुलं त्यावर लटकत होती, म्हणजे वेल्डिंग पक्कं आहे.

तू विचारलंस, गाडी चालवता का? परवा पहिल्यांदा लांब नेली. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं, पण ती दवाखान्याच्या रस्त्यालाच लागली. मला वाटलं होतं तशीच आहे. रस्त्यातला एकेक दगड सरळ पाठीत बसतो. मागे काही नाही, हे चांगलं कळतं. तेवढ्यासाठीच केली होती.

पण एक गोष्ट झाली, ती तुलाच सांगतो. पुढे खड्डा दिसला की मी अजून गाडी हळू करतो. माझ्यासाठी नव्हे, मला काय होतंय. रेस आपोआप सुटते, ब्रेक हलके दाबला जातो आणि चाक खड्ड्यातून अलगद उतरतं, मागे तिला कळूही नये असं. जाताना झालं, येताना झालं. पुढचा खड्डा मुद्दाम जोरात घेईन असं ठरवलं, तर तोही हळूच घेतला.

एवढी चासी कापली, ठमे. हे कुठून कापायचं असतं ते मला सापडत नाही.

जपून राहा. उत्तर लगेच नाही आलं तरी मी वाट बघतोय असं समज.

तुझा,
बाबा