घरगाडी विकू नये, भाड्याने देऊ नये

॥ श्री गुरु बसवलिंगाय नमः ॥

मी, चंद्रम्मा गुरुशांतप्पा बिरादार, वय ६७, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, राहणार बसवकल्याण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. पुढच्या आठवड्यात कलबुर्गीला माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. डोकं ठिकाणावर आहे. सकाळची लिंगपूजा आटोपूनच पेन उचललं. कोर्टासमोरच्या लिहिणाराकडे मुद्दाम गेले नाही. त्याला सांगितलेलं बाजारात आधी पोचतं. जिथे कागद कोरा राहिला तिथे रेघ मारली आहे, मागाहून कुणी काही घुसडू नये म्हणून.

१. राहतं घर माझ्या नावावर आहे. माझे पती गुरुशांतप्पा हयात असेपर्यंत ते त्यांच्या ताब्यात राहील. त्यानंतर मुलगा किरणकुमार व मुलगी अंजू यांना निम्मं-निम्मं. अंजू "मला काही नको" म्हणाली तरी ऐकू नये. तिला नको म्हणायला कोण शिकवतं ते मला माहीत आहे.

२. बांगड्या अंजूला. माझी पितळी परात धाकटी जाऊ नागरत्ना हिने अंजूच्या बारशाला नेली ती आजवर आली नाही. ती तिला दिली असं समजू नये. मागून आणावी व मठात कणीक मळायला द्यावी.

३. घरगाडी. ही जुनी टेम्पो ट्रॅव्हलर आहे. आत पलंग, गॅस, पाण्याची टाकी. मादन हिप्परग्याच्या माझ्या माहेरच्या वाट्यातून घेतली, म्हणून माझ्या नावावर. गुरुशांतप्पांनी जन्मभर गावोगाव बोअर मारले. काम सोडल्यावर स्वतः वेल्डिंग करून ही गाडी बांधली आणि दर आषाढात कारवारकडच्या रानात एकटे जाऊन राहू लागले. विचारलं तर म्हणत, पाऊस बघतो. पाऊस बघायला माणूस महिना-महिना जातो, यावर माझा विश्वास बसेना. मागच्या वर्षी मी भाकरीचा डबा घेतला आणि त्यांना न विचारता गाडीत जाऊन बसले.

रान समुद्राला लागून आहे. गाडीच्या टपावर दिवसरात्र पाऊस. गाडी लावतात नागव्वा नावाच्या बाईच्या चहाच्या टपरीमागे. बाई विधवा, मूळची गदगकडची. परक्या हातचं खायचं नाही म्हणून मी कडक भाकरी नेल्या होत्या. आपल्याकडे त्या महिना टिकतात. तिथे चार दिवसांत हिरव्या झाल्या. "अक्का, हितं मिठाचं पाणी व्हतंय, तुमची भाकरी काय टिकंल," असं ती कन्नडमध्ये म्हणाली आणि भात वाढला. मी खाल्ला, पण तिच्यावरची नजर हटवली नाही.

मग तिने ह्यांना चहा दिला. न विचारता, बिनसाखरेचा. घरी दोन चमचे साखर घेणारा माणूस गुमान प्यायला. गाडीत आल्यावर मी त्यांना धारेवर धरलं. तेव्हा कळलं की आदल्या वर्षी तिथेच चक्कर येऊन पडले होते, नागव्वाने दवाखान्यात नेलं, साखरेचा आजार निघाला. म्हणजे तिला ठाऊक आणि मला नाही. दुसरी काही भानगड असती तर भांडता तरी आलं असतं.

"मला कामून सांगितलं न्हाई?"

"तू उपास धरला असतास. मी पथ्यावर, तू उपाशी. मग घरात चूल कुणासाठी पेटवायची?"

"आन् हितं कामून येताव?"

त्यांनी काचेवरची वाफ पुसली. "जन्मभर लोकांनी माझ्याकडं पाणी मागितलं. कोरडं बोअर निघालं की शिव्या दिल्या. हितं कुणी मागत न्हाई."

हे मला पटलं. पण पटलेल्या गोष्टीवरही लक्ष असावं. घरातल्या साखरेच्या डब्याची जागा मी तेव्हापासून बदलत असते.

आता किरणकुमारविषयी. फोनवर त्याने ऑपरेशन कधी आहे हे नंतर विचारलं, गाडीचे कागद कुठे आहेत हे आधी. दिवाळीला सून विजयश्री टेप घेऊन गाडी मोजत होती. म्हणाली, पडदे शिवायचेत. पडद्यासाठी कुणी टायर बघत नाही. म्हणून लिहिते: गाडी गुरुशांतप्पांची. ते आहेत तोवर कुणी ती विकू नये, भाड्याने देऊ नये. कागद शेजारचे राजपाल गुरुजी यांच्याकडे बंद पाकिटात आहेत. पाकिटाच्या चिकटवलेल्या जागेवर माझी सही आहे. ती फाटलेली दिसली तर गुरुजींनाही विचारावं.

४. मला आपल्या लिंगायत रीतीने, इष्टलिंग हातात देऊन शेतात समाधी द्यावी. मंडप घालू नये. पाऊस लागला की गाडी निघावी. "अव्वा जाऊन महिना झाला न्हाई" असं म्हणून किरणकुमारने अप्पांना अडवू नये. आपल्यात सुतक पाळत नाहीत, हे त्याने विसरू नये.

५. भाकरीचा डबा नागव्वाला. झाकण घट्ट बसतं. तिने त्यात मीठ ठेवावं. तिला सांगावं, ह्यांच्या चहात साखर घालू नये. ते तिला ठाऊक आहे. तरी चंद्रम्माने सांगितलंय म्हणून सांगावं.

हे सर्व मी पुन्हा वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली. गुरुशांतप्पांना वाचून दाखवलेलं नाही. ते अंगणात गाडी धुवायलेत. पाणी जपून वापरा असं मी खिडकीतून एकदा सांगितलं आहे.

सही: चंद्रम्मा गु. बिरादार

साक्षीदार:
१. राजपाल गुरुजी, शेजारी (सही)
२. अक्कम्मा, मठातली सोबतीण (सही, चष्मा लावून केली, मी बघितलं)

ठिकाण: बसवकल्याण
दिनांक: १० जून २०२४, सोमवार