साडूंची सही न घेण्याबाबत

मी खाली सही करणारा, छापखान्यात खिळे जुळवण्याच्या कामावरून निवृत्त झालेला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक दाखवलेला नाही की गोड बोलून गळ घातलेली नाही. गुडघे गेले आहेत, पण त्यांचा या कागदाशी संबंध नाही.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीला, तिच्यामागे मुलीला. सायकलींचा पसारा घरात ठेवू दिल्याबद्दल पत्नीचे आभार तोंडाने कधी मानले नाहीत, ते इथे मानतो.

२. पाने, स्पोकच्या चाव्या, रिम सरळ करायचा स्टँड आणि इंग्रजी मापाचे सगळे नटबोल्ट मुलीला. जावयांनी हात लावू नये. ते कुठलाही नट पकडीने पिळतात.

३. माझ्या साडूंना काहीही देऊ नये.

जुन्या इंग्रजी सायकली शोधायचा नाद त्यांना मीच लावला. मी उन्हातान्हात भंगारवाल्यांचे उंबरे झिजवायचे, आणि हे कपाट बघायला जाऊन सायकल घेऊन यायचे. मी मूळचा काळा रंग रॉकेलच्या बोळ्याने हलक्या हाताने पुसून त्यावरच्या सोनेरी रेघा वाचवतो. ते सगळे खरवडून नवा रंग मारतात. प्रदर्शनात गर्दी मात्र त्यांच्याभोवती. पत्नीसुद्धा म्हणाली, "भावोजींची बघा कशी चकचकीत असते. तुमची अजून आजारीच दिसते." त्या दिवशी मी जेवलो नाही. म्हातारपणी हेवा कमी होईल असे वाटले होते. झाला नाही.

माझी सर्वांत लाडकी सायकल एका बंद लाँड्रीच्या माळ्यावर सापडली. दांड्यांचे ब्रेक, कातडी सीट, घंटीसुद्धा मूळची. नाही ते फक्त चेनचे बंद कव्हर. तसलेच कव्हर साडूंकडे आहे, आणि त्यांनी ते दिवाणखान्यात शोभेला टांगले आहे. मागितले की म्हणतात, "बघू की."

वकीलबाईंनी सांगितले, "ज्याला काही मिळणार आहे, त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नका." म्हणून मी मुद्दाम साडूंनाच सहीला बोलावले आहे. सही करतानाच त्यांना कळेल की आपल्या वाट्याला काही नाही.

इथे लिहिणे थांबवावे लागले, कारण साडू आले. काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेले काहीतरी होते.

"डॉक्टर काय म्हणाले ते मेहुणीनं सांगितलं," ते म्हणाले. "म्हटलं, 'बघू की' आता किती दिवस म्हणायचं? लावून बघू."

कव्हर होते. आतून स्वच्छ धुतलेले, पण रंग मूळचा.

"रंग नाही मारलात?" मी विचारले.

"तुमच्या सायकलीला चालला असता का?"

त्यांनी ते स्वतःच बसवले. पहिल्या खेपेला बसले, एकही स्क्रू आडवा गेला नाही. मला त्याचाही हेवा वाटला. माझ्या हातून ते इतके सहज बसले नसते.

मग हात पुसून त्यांनी खिशातले पेन काढले. "कुठे करायची सही?"

"तुमची सही नको," मी म्हणालो.

"मग बोलावलंत कशाला?"

मी कागद उलटा करून ठेवला.

"इतक्या वर्षांत सहीपुरताही विश्वास नाही ना," म्हणाले आणि चहा न घेताच गेले. पत्नी तेव्हापासून स्वयंपाकघरात भांडी आपटते आहे.

४. कलम ३ रद्द. ही सायकल कव्हरासकट साडूंना द्यावी. रंग मारायचा नाही, भिंतीला टांगायची नाही, चालवायची. मी असेपर्यंत हे त्यांना कोणीही सांगू नये. त्यांच्यावर मी जन्मभर जळलो. राहिलेले थोडे दिवस त्यांनी माझ्यावर चरफडावे.

वरील मजकूर मीच लिहिला, खाडाखोडही माझीच.

साक्षीदार पहिले: शेजारचे शिंपी.
साक्षीदार दुसरे: समोरच्या दवाखान्यातले कंपाउंडर, साडूंच्या जागी आयत्या वेळी बोलावलेले.

स्थळ: घरातली सायकलींची खोली.
दिनांक: बारा जानेवारी, कव्हर बसले त्याच दुपारी.