तीन शाईंची वही

१२ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पाकीट फोडण्याआधीच हाताला चटका बसला, त्यामुळे आत काय असणार याची कल्पना आली होती. भिंगरीला विज्ञानात शंभरापैकी एकवीस. वीस डिसेंबरच्या फेरपरीक्षेत पस्तीस मिळाले नाहीत तर मुख्याध्यापिकाबाई तिला बोर्डाचा फॉर्म भरू देणार नाहीत, म्हणजे वर्ष गेलं. एवढं दोन ओळींत सांगून उरलेली चार पानं तू लेकीच्या नावानं बोटं मोडली आहेस. आठ-आठ तास पुस्तकासमोर बसते, टीव्ही नाही, मैत्रिणी नाहीत, तरी डोक्यात शिरत नाही म्हणजे मुद्दामच करते. आणि मी मामा म्हणून, शिवाय संस्कृतचा मास्तर म्हणून, तिला एक खरमरीत पत्र लिहावं असा हुकूम.

खरमरीत पत्र लिहितो आहे. फक्त पत्ता तुझा घातलाय.

तुझ्या मेहनतीचा पुरावा म्हणून जी वही पाठवलीस, ती दोनदा वाचली. आर्किटेक्टच्या ऑफिसात वीस वर्षं नकाशे ट्रेस करणाऱ्या बाईचा हात तो! व्याख्या काळ्या शाईत, सूत्रं लाल, उदाहरणं हिरवी. डोळ्याची आकृती तर अशी की डॉक्टरनं चौकट करून दवाखान्यात लावावी. तेवीस वर्षं उत्तरपत्रिका तपासतोय, पण अशी वही पाहिली नाही. दोष एकच आहे. अक्षर तुझं आहे.

ताई, मला राग आलाय, आणि तो भिंगरीचा नाही. तयार वही नऊ वेळा वाचली की दहाव्यांदा सगळं ओळखीचं वाटतं, आणि पोर समजते आपल्याला येतं. माझ्या गल्लीतला प्रत्येक माणूस मला ओळखू येतो. नावं विचार, सात सांगेन. ओळख आणि ज्ञान यांत एवढा फरक आहे.

तेव्हा वह्या कपाटात टाक. तिनं स्वतः एक धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायचं आणि मग पुस्तक उघडून आपली लक्तरं बघायची. दोन दिवसांनी तोच धडा पुन्हा, आठवड्यानं पुन्हा, आणि दर वेळी आधी आठवायचं, मग वाचायचं. आठ तास नकोत, तीन पुरे. झोप पोटभर. मीही असाच शिकलो. माझ्यासाठी कोणी वह्या रंगवल्या नव्हत्या. एकट्यानं डोकं फोडलं, म्हणून दोन अक्षरं आली.

भाऊजींना नमस्कार. लोभ तात्पुरता बंद केला असशील, तर राग ओसरल्यावर पुन्हा चालू करावा.

तुझा,
पंडित
(पदवी तूच दिलेली. कुत्सितपणे दिली होतीस, हे विसरलेलो नाही.)


१७ नोव्हेंबर

चि. पंडितास,
अ. उ. आ. आशीर्वाद सवयीनं लिहिला गेला, मनापासून नाही.

एकट्यानं डोकं फोडलंस? कुठल्या भिंतीवर, ते तरी सांग.

तुझं मॅट्रिकचं वर्ष. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून त्याआधीच मला नववीतून काढलेलं. मी इस्त्री करत असायची, तुझं व्याकरणाचं पुस्तक कपड्यांच्या ढिगावर उघडं, आणि तू समोर पिंजऱ्यातल्या वाघासारख्या येरझाऱ्या घालायचास. विभक्त्या कोण विचारायचं? चुकलास की ‘पुन्हा’ कोण म्हणायचं? एकदा एकाच शब्दाला सात वेळा अडलास, आणि तुझ्या निळ्या सदऱ्याची बाही जळाली. ती चुकून जळाली नव्हती. आज कबूल करते.

पहिला आलास. शाळेच्या वार्षिक अंकात फोटो आला, आणि खाली तुझे शब्द: ‘मी कोणाच्याही मदतीशिवाय अभ्यास केला.’ हे वाक्य मला अजून तोंडपाठ आहे. बघ, त्यासाठी वही लागली नाही.

आणि तू मला शिकवतोस वह्या कपाटात टाक म्हणून! दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला सारून मी त्या लिहिते. ड्रॉइंगच्या टेबलावर दिवसभर वाकून पाठीचा कणा म्हणजे प्रश्नचिन्ह झालंय, तरी घरी आल्यावर लिहिते. मी नववीत सुटले, तिचं काही सुटू नये, एवढ्याचसाठी. तुझं पत्र वाचल्यापासून ती पुस्तक मिटून खिडकीकडे बघत ओठ हलवत बसते. काय चाललंय विचारलं तर म्हणते, ‘आठवतेय.’ फेरपरीक्षेला महिना उरलाय आणि माझी मुलगी आठवतेय! तिचे बाबा पंपिंग स्टेशनची पाळी संपवून आले, तिला तशी बघून म्हणाले, ताप आहे का.

वह्या कपाटात जाणार नाहीत. तुझ्या बायकोला मात्र खरे आशीर्वाद, तिनं काही केलेलं नाही.

तुझी थोरली बहीण,
ताई


२४ नोव्हेंबर

ती. मामास,
सा. न.

आईला हे पत्र माहीत नाही. पोस्टात मी स्वतः टाकतेय.

तुम्ही दोघं माझ्या परीक्षेच्या आडून तुमची जुनी भांडणं भांडताय. तुमचं भांडण तीस वर्षं टिकलं, अजून टिकेल. माझे सव्वीस दिवस राहिलेत. फॉर्म माझा अडलाय, तुमचा नाही.

तुझं ते कोऱ्या कागदाचं करून बघितलं. ‘मानवी डोळा’ हा धडा मला सगळ्यांत चांगला येतो अशी माझी समजूत होती. पुस्तक मिटलं आणि तीन ओळी आल्या. तीन! मामा, मला हे माहीत होतं की डाव्या पानावर खाली हिरव्या शाईत चार ओळी आहेत. त्या ओळींत काय आहे ते माहीत नव्हतं. मी कागद फाडला. मग तुझ्यावर चिडले, मग आईवर, आणि शेवटी स्वतःवर. कारण वह्या लिहू नकोस असं मी आईला एकदाही म्हटलं नाही. मला बरं वाटायचं. ती लिहितेय म्हणजे अभ्यास चाललाय असं वाटायचं.

काल तिला म्हटलं, तू पुस्तक धर आणि मला विचार, मामाला विचारायचीस तसं. ती एकदम उभी राहिली. म्हणाली, आयुष्यभर मी दुसऱ्यांची पुस्तकंच धरून बसू का? आणि पेनं डब्यात अशी टाकली की झाकण उडालं. कालपासून बोलत नाही. बाबा आम्हा दोघींना वेगवेगळं ‘मीठ दे’ म्हणतात.

हे तुझ्यामुळे झालंय, तर तूच निस्तर. तिला पत्र लिही. आणि मामा, हात जोडते, श्लोक घालू नकोस.

लोभ तुझा आहेच, थोडी अक्कलही वापरावी, ही विनंती.

भिंगरी


२८ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न.

श्लोक घालायला मनाई झाल्यामुळे माझी अर्धी शस्त्रं जप्त झाली आहेत. उरलेली अर्धी मीच खाली ठेवतो.

वार्षिक अंकासाठी सर वही-पेन्सिल घेऊन आले होते. त्यांनी विचारलं, अभ्यास कोणी घेतला? मागे वर्गातली सगळी पोरं उभी. नववीतून काढलेल्या बहिणीनं, असं म्हणायची मला लाज वाटली. सर मला ऐकू आले नाहीत, गोंधळ झाला, अशी बरीच कारणं मी या तीस वर्षांत रचली. सगळी व्याकरणशुद्ध आहेत आणि सगळी खोटी. तुझीच लाज वाटली होती. तोंडी परीक्षेत अडलो तेव्हा मात्र परीक्षकांचा आवाज ऐकू आला नव्हता, तुझा ‘पुन्हा’ ऐकू आला होता, आणि शब्द सुटला होता.

माफी मागतो. पोकळ वाटली तर परत पाठव, दुसरी लिहीन. ‘पुन्हा’ ऐकायची सवय आहे.

आता पुस्तक तू धरू नकोस. कधीच धरू नकोस. सोबत दोन बंद पाकिटं आहेत, दोन्हींत एकच प्रश्नपत्रिका, पन्नास गुणांची. आमच्या विज्ञानाच्या मास्तरांकडून काढून घेतली. त्याबदल्यात त्यांच्या चिरंजीवांचं संस्कृत माझ्या गळ्यात पडलंय, आणि ते चिरंजीव पाहता सौदा महागात गेलाय. एक पाकीट भिंगरीचं. दुसरं तुझं.

रविवारी सकाळी दोघींनी टेबलाशी समोरासमोर बसायचं. दीड तास. वह्या-पुस्तकं दुसऱ्या खोलीत. लिहून झालं की न तपासता माझ्याकडे पाठवायचं. तुला कशाला, असं तू म्हणशीलच. मला एक शंका आहे, ती कागदावरच फिटेल. भीती वाटत असेल तर तसं कळव, आग्रह नाही.

लोभाची मागणी या वेळी करत नाही. लायकी झाली की करीन.

तुझा,
पंडित


९ डिसेंबर

चि. पंडितास,
अ. उ. आ.

गुण मिळाले. मला पन्नासपैकी एकेचाळीस, भिंगरीला तेरा. खाली तू शाबासकीचा एक शब्द लिहिला नाहीस, तेवढी बुद्धी तुला देवानं दिली. लिहिली असतीस तर तिथवर येऊन दुसरी बाही जाळली असती.

तुझे आकडे यायच्या आधीच टेबलाशी मला कळलं होतं. प्रश्न वाचला की उत्तर माझ्या बोटांत यायचं. यायचंच. पुस्तकातली सहा पानं वाचून त्यांतलं काय घ्यायचं, काय सोडायचं, कसं मांडायचं, ते सगळं मी केलं होतं. आणि समोर माझी मुलगी पेन चावत बसलेली. मी तिच्या ताटातलं जेवले रे. जेवून ताट लख्ख घासून तिच्यापुढे ठेवलं, आणि वर महिनोन्‌महिने ओरडले, तुझं पोट का भरत नाही म्हणून.

त्या दिवशी कोणाकोणाचा राग आला, याची यादी मोठी आहे. तू वर आहेस. सगळ्यांत वर मी आहे.

वह्या भिंगरीनंच उचलून माळ्यावर टाकल्या. मी अडवलं नाही. आता रोज ऑफिसातून आले की ती मला शिकवते. आदल्या दिवशीचा धडा, पुस्तक मिटून. मी फक्त ऐकायचं, असा करार झालाय. हे ऐकणं म्हणजे काय शिक्षा आहे, ते तुला नाही कळायचं. परवा तिनं बहिर्गोल भिंगाला सरळ अंतर्गोल करून टाकलं आणि दहा मिनिटं किरण भलतीकडे नेत राहिली. मी जीभ दातांखाली धरून बसले. शेवटी आकृती जुळेना, तेव्हा तिनं पुस्तक उघडलं, कपाळावर हात मारला आणि माझ्यावरच उसळली: माहीत होतं तर सांगितलं का नाहीस? मी म्हटलं, सांगून सांगून एकवीसवर आणलं होतं, आता न सांगून बघते. मग असं काही जुंपलं की वरच्या मजल्यावरचा टेलर जिना उतरून विचारायला आला, सगळं ठीक ना.

पण अंतर्गोल-बहिर्गोल आता ती जन्मात चुकणार नाही.

विज्ञानातली गणितंही तशीच चाललीत. दर चौथ्या दिवशी जुने धडे आधी आठवून काढते. कागद पांढरे कमी आणि लाल जास्त असतात, तरी गुणांसोबत तू पाठवलेल्या दुसऱ्या पत्रिकेत काल, पुस्तकाशी ताडून, तेरावरून बावीस झाले. अकरा दिवस आहेत. पुरतील का, हे मला विचारू नकोस, मीही तुला विचारत नाही.

माफीचं पत्र वाचलं. परत पाठवत नाही. पुरेशी आहे असंही म्हणत नाही.

तुझी,
ताई


५ जानेवारी

चि. पंडितास,
अनेक उत्तम आशीर्वाद, या खेपेला पूर्ण शब्दांत.

निकाल लागला. विज्ञानात सेहेचाळीस. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, काठावर नाही, काठाच्या चांगली आत आहे. मी म्हटलं, हो, पोहतच आलीय. भिंगरीला मात्र राग की एका प्रश्नाचे पाच गुण उगाच गेले. दोन दिवस त्या पाच गुणांवरून घर डोक्यावर घेतलं तिनं. पूर्वी एकवीस मिळाल्यावर गप्प बसली होती. हा राग मला आवडला, पण तसं तिला सांगितलं नाही.

तुझ्यावरचा माझा राग अजून आहे. तो जायची मला घाई नाही, तूही करू नकोस. भिंगरी म्हणते, तुझ्या शाळेतल्या मुलांना तू वर्गात सांगितलंस की तुला तुझ्या बहिणीनं शिकवलं. तिला तू पत्रात लिहिलंस, मला नाही. भित्रा तो भित्राच.

काल फॉर्म भरायला शाळेत गेलो. ऑफिसच्या खिडकीसमोर बाकावर बसून तिनं भरला. आधी जन्मतारखेत साल चुकलं. मग ‘आईचे शिक्षण’ या रकान्यातलं ‘नववी’ बाबांच्या रकान्यात पडलं. दोन्ही ठिकाणी रेघ मारून वर बारीक अक्षरात दुरुस्त केलं. अक्षर म्हणजे मुंग्यांना कोणीतरी हाकलल्यासारखं. मी शेजारी बसलेली, आणि माझी बोटं नुसती शिवशिवत होती. खिडकीतल्या क्लार्कनं फॉर्म वर धरला, नाक मुरडलं, म्हणाला, नवीन घेऊन नीट लिहून आणता का? भिंगरीनं माझ्याकडे बघितलं.

मी त्याला विचारलं, नियमात बसतं का? तो म्हणाला, बसायला बसतं. मी म्हटलं, मग घ्या हाच.

त्यानं शिक्का मारला. फॉर्म गेला.

माझ्या पिशवीत आणखी एक कोरा फॉर्म होता, आणि ऑफिसचं बारीक टोकाचं पेन. सकाळी मीच ठेवलं होतं. मी पिशवी उघडली नाही, पंडित. घरी येईपर्यंत मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.

कळावे. लोभ होता तेवढा आहे. वाढवायचा की नाही, ते मार्चनंतर बघू.

तुझी,
ताई