वाळूचा आवाज

शुक्रवार, संध्याकाळ. मुऐदर, आखातात मुलाच्या घरी.

तो आवाज अजून कानात आहे. वाळू आवाज कशी करते?

सकाळी संजयने, माझ्या मुलाने, वाळवंटात नेलं. टेकड्यांशी पोचल्यावर त्याने चारही चाकांतली हवा थोडी सोडली. मला घाम फुटला.

"अरे, इथं अडकलो तर?"

"बाबा, हवा कमी असली की चाक रुतत नाही. आता घाबरलात तर पुढच्या वेळी घरीच ठेवीन."

माथ्यावर खाली बसलो तो घसरलोच, आणि अंगाखाली वाळू घुमायला लागली, विमान जवळ आल्यासारखी. मी ओरडलो, "संज्या, पळ!"

तो हसत सुटला. "अहो, टेकडीच वाजते ती!"

का वाजते, ते त्यालाही सांगता येईना. उन्हाने? माझ्या वजनाने? गोदावरीची वाळू जन्मभर तुडवली, ती कधी वाजली नाही. नुसत्या हाताने ढकलली तर वाजेल का? बघायला हवं.

जेवताना भीत भीत विचारलं, परत नेशील का? तो म्हणाला, "खलास, बाबा, आता पुरे. तुमच्यापेक्षा माझाच जीव जातो."

सून म्हणाली, "मी नेते. पुढच्या शुक्रवारी."

तिला वाळूत गाडी चालवता येते का, हे अगदी ओठांवर आलं होतं. "किती वाजता निघायचं?" एवढंच विचारलं.