ओटागोची सुट्टी

ओमारू, गुरुवार, २२ मार्च १९७९

चि. लॉकलन यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. कोबी चांगला धरलाय. चर्चच्या विहिरीचा पंप मी खोलून पुन्हा बसवला, आता आवाज करत नाही.

फोनवर माझा आवाज आला की तू ठेवून देतोस, म्हणून ही चिठ्ठी टिमारूच्या बसवाल्याच्या हाती देतोय.

सोमवारी आपल्या ओटागो प्रांताच्या स्थापनेची सुट्टी. खरा दिवस तेवीस, म्हणजे उद्याच. सुट्टी मात्र जवळच्या सोमवारी धरतात. लोक यात चुकतात, म्हणून लिहिलं.

सगळं ठीक नाही, लॉकी. तुझ्या आईच्या पोटात गाठ आहे. मंगळवारी सकाळी डनीडिनच्या इस्पितळात ऑपरेशन ठरलंय. डॉक्टर म्हणाले, यापुढे थांबलात तर आणूच नका. आणि ही हटून बसलीय, तुला पाहिल्याशिवाय जाणार नाही.

"सोमवारी येईलच की तो. आपला दिवस आहे."

"अगं मोराग, तो नदीपलीकडे, कँटरबरीत. तिकडची सुट्टी सप्टेंबरात."

"एवढीशी नदी ती! पोरगा ओटागोचाच ना?"

मी म्हटलं, येईल. तेव्हापासून दोन घास खातेय. काल तुझ्यासाठी बिस्किटं करायला उठली, पीठ चाळताना दोनदा खाली बसली.

मग मी तुझ्या गिरणीच्या मुकादमाला फोन केला. तो हसायलाच लागला. "ओटागोची सुट्टी? अहो मकासकिल, इथे सोमवारी भोंगा वाजतो! पोरगा गेला तर यंत्रांचे पट्टे कोण बघणार, तुमचा गव्हर्नर?"

"मी बघेन," म्हटलं. "मला सुट्टी आहे."

त्याचं हसणं थांबलं. मग म्हणाला, "सातला हजर राहा. उशीर चालायचा नाही."

तू माझं वर्कशॉप सोडून गेलास त्याबद्दल माझं मत होतं तेच आहे. ते बदलायला मी हे लिहीत नाही. पण सोमवारी तुझ्या जागेवर मी उभा असेन, तेव्हा घरी मी नसेन. तुला माझं तोंडसुद्धा बघावं लागणार नाही. पुलावर माझी हिरवी गाडी समोरून आली तर थांबू नकोस, हातही करू नकोस. सरळ आईकडे जा.

जा रे. पाया पडतो.

तुझा सोमवारचा बदली कामगार,
बाबा